हरायला शिकवलेलं यंत्र

बाबांचे एक मित्र होते, त्यांच्याच बँकेतले. दर रविवारी सकाळी दहाला यायचे. पोहे, चहा, मग पट. दीड वाजेपर्यंत दोन किंवा तीन डाव व्हायचे. तिसरा अर्धवट राहिला तर तो पुढच्या रविवारी चालू ठेवायचा नाही, नवीनच मांडायचा, असा त्यांचा नियम होता. हे सव्वीस वर्षं चाललं. २०२१च्या मे महिन्यात ते वारले, आणि सांगलीतल्या आमच्या घरी रविवारची सकाळ एकदम लांबलचक झाली.

सांगली तसं बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथे कित्येक मुलांना पटावर बसवलं. त्यामुळे बाबांना दुसरा जोडीदार मिळालाच नसता असं नाही. पण सत्तरीच्या उंबरठ्यावर नवीन माणसाच्या घरी जाऊन 'खेळता का?' असं विचारणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणून त्या दिवाळीत मी त्यांना इलेक्ट्रॉनिक बुद्धिबळाचा पट घेऊन दिला. सोंगटी घरावर दाबून ठेवायची, की यंत्राला तुमची चाल कळते. मग कडेचे दिवे लागतात आणि त्याची चाल सांगतात. ती चाल त्याच्या वतीने तुम्हीच करायची. खोक्यावर ठळक लिहिलं होतं की हे यंत्र सर्व स्तरांच्या खेळाडूंसाठी आहे.

तीन आठवड्यांनी यंत्र कपाटावर गेलं. फोनवर कारण विचारलं तर बाबा म्हणाले, "अरे, तो मुद्दाम हरतो."

"मग लेव्हल वाढवा की."

"वाढवली. चौथ्या लेव्हलला भीक घालतो, पाचव्या लेव्हलला लाथ मारतो. मधलं काही नाहीच."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. युजरची तक्रार आली की आधी 'युजर चुकतोय' असं समजायची आमच्या धंद्यातली वाईट खोड मलाही आहे. म्हणून मी ते यंत्र कपाटावरून खाली काढलं आणि चौथ्या लेव्हलला स्वतः बसलो. बावीस चाली ते माझ्यापेक्षा कितीतरी छान खेळलं. तेविसाव्या चालीला त्याने आपला वजीर उचलून माझ्या प्याद्यासमोर आणून ठेवला. डाव मी जिंकलो, पण जिंकल्यावर जे वाटायला हवं त्यातलं काहीही वाटलं नाही. बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

त्यानंतर 'सर्व स्तरांसाठी' हे खोक्यावरचं वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते गेली जवळपास पन्नास वर्षं बुद्धिबळाच्या यंत्रांवर छापलं जातंय, आणि आता आपल्या फोनमधल्या प्रत्येक चेस ॲपमध्ये बॉट्सच्या यादीच्या रूपाने येऊन बसलंय. माझं म्हणणं असं की ते वाक्य नीट तपासलं तर अर्धंच खरं निघतं.

लेव्हल म्हणजे वेळ

१९७७ साली शिकागोच्या फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'चेस चॅलेंजर' बाजारात आणला. घरात बसून खेळायचं, दुकानात विकत मिळणारं हे पहिलं बुद्धिबळ-यंत्र मानलं जातं. पहिल्या मॉडेलला एकच लेव्हल होती. मग आला 'चेस चॅलेंजर ३' आणि त्यामागून 'चेस चॅलेंजर १०'. नावातले आकडे म्हणजे लेव्हलची संख्या. आज फोनच्या नावात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मिरवतात तसं तेव्हा लेव्हलचं होतं. यंत्र किती चांगलं खेळतं याच्याबरोबरीने, ते किती प्रकारे कमी चांगलं खेळू शकतं हीसुद्धा विकायची गोष्ट होती.

पुढची दहा-पंधरा वर्षं हा धंदा जोरात होता. 'बोरिस' नावाचं यंत्र खेळताखेळता पडद्यावर समोरच्याला टोमणे मारायचं. १९७९च्या 'व्हॉइस चेस चॅलेंजर'ला वाचा फुटली, तो चाली बोलून दाखवायचा. १९८२ साली हाँगकाँगच्या नोव्हॅग कंपनीने 'रोबोट ॲडव्हर्सरी' काढला. त्याला खरोखरचा यांत्रिक हात होता आणि तो सोंगट्या उचलून ठेवायचा. म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लेझरची 'मेफिस्टो' मालिका बरीच वर्षं या सगळ्यांच्या डोक्यावर बसून होती.

यांच्या आतली प्रोसेसर आणि मेमरी किती तुटपुंजी असायची याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिंक्लेअर झेडएक्स ८१ या घरगुती कॉम्प्युटरवर एक बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला गेला, त्याचा आकार ६७२ बाइट्स होता. किल्लेकोट नाही, प्याद्याची बढती नाही, पण बाकीचं बहुतेक बुद्धिबळ होतं. आज देवनागरीतलं एक अक्षर साठवायला तीन बाइट्स लागतात. म्हणजे या परिच्छेदातली दोन-तीन वाक्यंसुद्धा तेवढ्या जागेत मावायची नाहीत.

अशा यंत्रात लेव्हल म्हणजे मुख्यतः वेळ, किंवा किती चाली पुढचं बघायचं याची मर्यादा. खालच्या लेव्हलला यंत्र काही सेकंद विचार करायचं, वरच्या लेव्हलला काही मिनिटं, आणि सगळ्यात वरच्या लेव्हलला तुम्ही जेवून, झोप काढून यावं इतकं. पण कुठल्याही लेव्हलला ते आपल्याला जमेल तितकं चांगलंच खेळत असे. त्याचा दुबळेपणा खरा होता.

आणि खऱ्या दुबळेपणाला आकार असतो. चार चाली पुढचं बघणाऱ्या यंत्राला पाचव्या चालीतलं संकट दिसत नाही, हे तर झालंच. पण समजा त्याचा उंट कोंडला गेलाय आणि तो मरणार हे त्याला चौथ्या चालीला दिसलं. मग ते मधेच एक प्यादं उगीच पुढे ढकलून शह देतं. त्या शहाला उत्तर देण्यात दोन चाली जातात, उंटाचं मरण सहाव्या चालीवर जातं, म्हणजे यंत्राच्या नजरेबाहेर. यंत्राच्या मते उंट वाचला! मग पुन्हा तेच दिसू लागलं की आणखी एक प्यादं फुकट. याला 'होरायझन इफेक्ट' म्हणतात. क्षितिजापलीकडचं जग नाहीच असं मानून चालणं. घरात तुंबलेलं नळाचं काम पाहुणे आले की पडद्यामागे ढकलतो त्यातलाच प्रकार.

हा दोष ओळखता यायचा. ज्यांनी ती यंत्रं वापरली त्यांना पंधरा-वीस डावांत कळायचं की समोरासमोरच्या मारामारीत याच्या नादी लागायचं नाही, हळूहळू जाळं विणायचं, म्हणजे हा आपल्या पायाने आत येतो. यंत्राला स्वभाव नव्हता, पण स्वभावासारखं काहीतरी होतं. तुम्ही त्याला ओळखू शकत होता, आणि ओळखीच्या जोरावर हरवू शकत होता. बाबा त्यांच्या मित्राबद्दल म्हणायचे, "त्याचा घोडा मारू नका, घोडा मेला की तो पिसाळतो." ते याच जातीचं ज्ञान आहे.

वरचं टोक आणि खालचं टोक

६ जून १९८५ रोजी हॅम्बुर्गमध्ये बावीस वर्षांचा गॅरी कास्पारोव एकाच वेळी ३२ यंत्रांविरुद्ध खेळला. चार मोठ्या कंपन्यांची ही यंत्रं होती. पाचएक तासांत निकाल लागला, ३२-०. त्यातली काही यंत्रं तर कास्पारोवच्याच नावाने विकली जाणारी होती! तेव्हा कुणाला त्यात फार विशेष वाटलं नाही. यंत्रं हरणार, हे गृहीतच होतं.

बारा वर्षांनी, मे १९९७मध्ये, न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लूने त्याच कास्पारोवला ३.५-२.५ असं हरवलं. डीप ब्लू सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासायचा आणि कपाटाएवढा होता. आज तुमच्या खिशातल्या फोनवर चालणारा स्टॉकफिश हा फुकट प्रोग्राम त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे.

या दोन तारखांच्या मधे 'सर्व स्तरांसाठी' या वाक्याचा अर्थ उलटा झाला, आणि तो झालेला कुणी जाहीर केला नाही. १९८५मध्ये अडचण वरच्या टोकाला होती. ग्रँडमास्टरला पुरेल असं यंत्र बनवता येत नव्हतं, सामान्य माणसाला पुरेल असं आपोआप बनत होतं. आज ग्रँडमास्टरला हरवणारा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन खेळणाऱ्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याला पुरेल असा प्रतिस्पर्धी बनवणं हा अवघड प्रश्न होऊन बसलाय. पूर्वी यंत्राला जिंकायला शिकवावं लागायचं, आता हरायला शिकवावं लागतं. आणि हरायला शिकवणं आपल्या धंद्याने, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी, फार आळसाने केलेलं आहे.

फासे टाकून चुका

हे मी हवेत बोलत नाही. विकत मिळणाऱ्या पटांच्या आतला प्रोग्राम सहसा उघडून बघता येत नाही, पण स्टॉकफिशचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यात ० ते २० अशी 'स्किल लेव्हल'ची सोय आहे. ती कशी चालते ते सोप्या शब्दांत सांगतो.

लेव्हल कमी केली की इंजिन एकच सर्वोत्तम चाल न शोधता किमान चार चांगल्या चाली शोधतं. प्रत्येक चालीला गुण असतात. मग दोन गोष्टी होतात. एक, पहिल्या चालीतलं आणि बाकीच्यांतलं अंतर लेव्हलनुसार आकसून टाकलं जातं. लेव्हल जितकी खालची तितकं आकसणं जास्त. दोन, प्रत्येकीच्या गुणांत एक यादृच्छिक आकडा मिसळला जातो, म्हणजे फासा टाकला जातो. त्यानंतर जिचे गुण जास्त ती चाल खेळली जाते.

मधल्या लेव्हलांना याचा परिणाम वाईट नाही. इंजिन थोड्या कमी दर्जाच्या चाली खेळतं, एवढंच. पण अगदी तळाच्या लेव्हलांना अंतर इतकं आकसतं की वजीर गमावणारी चालसुद्धा शर्यतीत येते. आणि इथे एक गंमत आहे. पटावर दहा बऱ्या चाली असतात तेव्हा पहिल्या चारातली कुठलीही आली तरी बिघडत नाही. चूक दिसते ती पटावर एकच बरी चाल असते तेव्हा. उदाहरणार्थ, तुम्ही त्याचा हत्ती मारलात आणि तुमच्या त्याच सोंगटीला परत मारणं ही एकच शहाणी चाल आहे. अशा वेळी दुसरी, तिसरी, चौथी चाल म्हणजे हत्ती फुकट. माणूस काल शिकलेला असला तरी परत मारायचं विसरत नाही, हाताला सवयच असते. यंत्र नेमकं तिथे 'विसरतं'. म्हणून ते आपल्याला मूर्ख वाटत नाही, लबाड वाटतं.

स्टॉकफिश बनवणाऱ्यांना दोष द्यावा असं यात काही नाही. त्यांचं काम सर्वोत्तम चाल शोधणं हे आहे आणि ते त्यात जगात पुढे आहेत. लेव्हल ही कडेची सोय. दोष आहे तो अशा सोयीलाच पूर्ण उत्तर समजून, वर चेहरे चिकटवून विकण्याच्या पद्धतीत. फोनमधल्या बॉट्सना आता नावं असतात, हसरे-रागीट चेहरे असतात, ते मधूनमधून बडबड करतात. बोरिसच्या टोमण्यांचीच ही नातवंडं. पण चेहरा आळशी आजोबांचा असो की खट्याळ मुलीचा, मागची चूक जर फाशानेच पडत असेल, तर त्या चेहऱ्याचा त्या चुकीशी संबंध काय?

सरासरी नावाची फसवणूक

इथे कुणी म्हणेल, पण रेटिंग तर बरोबर येतं ना? १२०० रेटिंगचा बॉट १२०० रेटिंगच्या माणसाशी निम्मे डाव जिंकतो, मग तक्रार काय?

एलो रेटिंग काय मोजतं ते आधी बघू. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळावेत, ४०० चा फरक असेल तर साधारण ९१. बस. रेटिंग निकालाबद्दल बोलतं, निकाल कसा लागला याबद्दल गप्प असतं.

आपल्या गल्लीत क्रिकेट खेळायला एक बोलर आलाय असं समजा. पाच बॉल ताशी दीडशे किलोमीटरचे यॉर्कर टाकतो आणि सहावा हाताने जमिनीवरून घरंगळवतो. ओव्हरमागे त्याला पडणाऱ्या धावा मोजल्या तर तो तुमच्या मोहल्ल्यातल्या मध्यमगती बोलरइतकाच निघेल. आकडेवारीत दोघे एकाच 'लेव्हल'चे. पण त्याच्यासमोर बॅटिंग करून तुम्ही काय शिकाल? पाच बॉलना अंग चोरायचं आणि सहाव्याची वाट बघायची. चौथ्या लेव्हलच्या यंत्रासमोर बाबा तिसऱ्या आठवड्यात नेमकं हेच करायला लागले होते. "मी काही खेळतच नव्हतो," ते म्हणाले, "तो कधी वजीर टाकतोय त्याची वाट बघत बसायचो."

हा मुद्दा नवशिक्या पोरांच्या बाबतीत जास्त गंभीर आहे. नऊ वर्षांची मुलगी रोज अशा बॉटशी खेळली तर तिला कळणारं बुद्धिबळ असं, की थांबलं की समोरचा आपोआप चुकतो. आपण दबाव आणला म्हणून चुकतो असं नाही, नुसताच चुकतो. कार्यकारणभावच गेला. माणसांच्या चुकांना कारण असतं. आपण घोड्याचा दुहेरी हल्ला बघत नाही, कारण घोडा वाकडा चालतो. लांबच्या तिरप्या रेषेवरून मागे येणारा उंट चुकतो, कारण आपली नजर पुढे जाणाऱ्या सोंगट्यांवर असते. दोन चालींपूर्वी जी धमकी होती तिच्याच भीतीत आपण आताची धमकी विसरतो. वेळ कमी असला, भूक लागली, आधीचा डाव हरलो, की त्यात भर. प्रतिस्पर्ध्याच्या अशा चुकांना आपण निमित्त होऊ शकतो. चांगलं खेळणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच असतं.

डी. गुकेशच्या प्रशिक्षणाची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला साधारण २५०० रेटिंगपर्यंत इंजिन वापरू दिलं नव्हतं. आज ज्या काळात पाचवीतला मुलगाही डाव संपताक्षणी इंजिन चालू करतो, त्या काळात हे सन्याशाच्या व्रतासारखं वाटतं. डिसेंबर २०२४मध्ये सिंगापूरला तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तो या व्रतामुळेच, असं मी म्हणणार नाही. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. पण त्या निर्णयामागचा विचार मला पटतो. उत्तर देणारं यंत्र शेजारी असलं की आपली चूक आपली राहत नाही, ती नुसती लाल रंगाची खूण होते.

माणसासारखं चुकणारं

या प्रश्नावर प्रामाणिक काम झालंच नाही असं नाही. २०२० साली टोरांटो विद्यापीठ, कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांतल्या संशोधकांनी 'माया' नावाचा प्रोग्राम केला. (स्पेलिंगवरून 'मायआ' म्हणायला हवं, पण मराठी माणसाला 'माया' म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि इथे ते नाव शोभतंही.) त्यांनी प्रश्न बदलला. 'सर्वोत्तम चाल कोणती' असं न विचारता 'या रेटिंगचा माणूस इथे कोणती चाल करील' असं विचारलं. लिचेस या संकेतस्थळावर माणसांनी खेळलेले लाखो डाव न्यूरल नेटवर्कला दाखवले. ११०० ते १९०० अशी नऊ मॉडेल्स बनवली, दर शंभर गुणांना एक. पुढच्या चालींचा शोध घ्यायचाच नाही, पट बघून माणसाची चाल ओळखायची. ही मॉडेल्स निम्म्याहून थोड्या अधिक वेळा माणसाची नेमकी चाल ओळखतात. बाकीच्या वेळी चुकतात, तीही बहुधा माणूस करील अशीच चाल सुचवून.

मी गणपतीत सांगलीला गेलो तेव्हा लॅपटॉपवर हे घेऊन गेलो. बाबा त्यांच्या जुन्या लाकडी पटावर खेळणार, मी त्यांची चाल लॅपटॉपवर टाकणार आणि उत्तर आलं की पटावर करणार, असं ठरलं. १५०० पासून सुरुवात केली.

पहिल्याच डावात फरक जाणवला. माया किल्लेकोट करायला उशीर लावत होती. वजिराच्या मागे लागून प्याद्याकडे दुर्लक्ष करत होती. एकदा बाबांनी घोडा अशा घरात नेला जिथून तो राजा आणि हत्ती दोघांवर येणार होता, आणि मायाला ते दिसलं नाही. बाबा हसले. यंत्राशी खेळताना मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हा बरा आहे," ते म्हणाले. "माणसासारखा चुकतो."

सहा डाव झाले. तीन बाबा जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत. सातव्या डावाला ते मधेच थांबले.

"पण हा कोण आहे?"

मी डेटा, मॉडेल वगैरे समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे हा हजारो लोक मिळून एक आहे. मग याला ओळखायचं कसं?"

मायावरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. फाशाच्या चुकीला कारण नसतं. मायाच्या चुकीला कारण असतं, पण ते कुणा एकाचं नसतं. ती प्रत्येक चालीला '१५०० च्या आसपासची जनता' असते. या चालीला आक्रमक कॉलेजकुमार, पुढच्या चालीला भित्रा मास्तर. मागच्या डावात जिथे तिने मार खाल्ला तिथे पुन्हा तसाच मार खाईल. तिला त्याचा राग येणार नाही, ती सुधारणार नाही, सूड उगवणार नाही. जुना चेस चॅलेंजर कमी अकलेचा होता, पण सलग एक होता. माया शहाणी आहे, पण ती गर्दी आहे.

तुमच्या सावलीएवढं

अलीकडच्या पटांनी वेगळी वाट धरलीय. नेदरलँड्सच्या डीजीटी कंपनीचा 'सेंटॉर' आकडेवार लेव्हल विचारतच नाही. तुम्ही कसे खेळता ते बघून आपली ताकद जुळवून घेतो. तुम्ही फक्त तो मित्रासारखा खेळावा की जरा कस लावावा एवढं निवडायचं. आपल्या मुंबईच्या 'स्क्वेअर ऑफ'ने २०१६मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून असा पट आणला की ज्यावर सोंगट्या आपोआप सरकतात. पटाखाली चुंबक फिरतो. परगावच्या मित्राशी फोनवरून खेळताना त्याची सोंगटी तुमच्या टेबलावर चालत येते. यंत्र म्हणून दोन्ही कल्पना सुंदर आहेत, आणि सोंगट्या चालत येणाऱ्या पटाचं मला विशेष कौतुक आहे, कारण त्यात यंत्र स्वतः खेळाडू होण्याऐवजी दोन माणसांमधला हरकाम्या होऊ शकतं.

जुळवून घेण्याच्या कल्पनेबद्दल मात्र मला शंका आहे. तुम्ही सुधारलात की ते सुधारतं, तुम्ही ढेपाळलात की ते ढेपाळतं. निकाल कायम निम्मानिम्म्याच्या आसपास. चाल भरत नाही, थकवा येत नाही, निराशा येत नाही. पण शिडी चढताना पायऱ्याही तुमच्याबरोबर वर सरकत असतील तर तुम्ही किती चढलात हे कळणार कशावरून? सव्वीस वर्षांत बाबांचा मित्र त्यांना पहिली चार वर्षं सपाटून हरवायचा. मग एका रविवारी बाबा दोन्ही डाव जिंकले. तो रविवार आमच्या घरात अजून सांगितला जातो. जुळवून घेणाऱ्या यंत्रापाशी असा रविवार येतच नाही.

आमच्या धंद्यात याला चांगलं नाव आहे, 'एंगेजमेंट'. माणूस कंटाळून जाऊ नये आणि चिडूनही जाऊ नये, अशा मधल्या पट्ट्यात त्याला धरून ठेवायचं. मी स्वतः अशी फीचर्स लिहिलेली आहेत, बुद्धिबळात नव्हे पण त्याच हिशेबाने. म्हणून मला त्याचा वास लगेच येतो.

उघड दिलेली सूट

मग यंत्राने दुबळ्या माणसाशी खेळायचं कसं? याचं उत्तर यंत्रांच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात पॉल मॉर्फीसारखा खेळाडू कच्च्या खेळाडूशी बसताना एखादं प्यादं किंवा घोडा आधीच काढून ठेवायचा आणि मग पूर्ण ताकदीने खेळायचा. आपल्याकडेही वडीलधारी माणसं पोरांशी खेळताना वजीर काढून ठेवतात. यात फसवणूक नाही. सूट पटावर उघड दिसते. कच्च्याला माहीत असतं की आपण किती मागे आहोत, आणि जिंकलो तर तो विजय कशाचा आहे.

गंमत म्हणजे यंत्रांची वाटही फिरून तिथेच आलीय. लीला या न्यूरल नेटवर्क इंजिनच्या घोडा किंवा वजीर कमी घेऊन खेळणाऱ्या आवृत्त्या आता लिचेसवर आहेत. घोडा कमी असून लीलाने झटपट डावांत ग्रँडमास्टरांनाही रडवलंय. तिथे यंत्र लपूनछपून चुकत नाही. एक सोंगटी कमी असल्याने तिला सापळे लावावे लागतात, गुंतागुंत वाढवावी लागते, समोरच्याला चुकायला भाग पाडावं लागतं. म्हणजे ती खेळते. मला विचाराल तर 'सर्व स्तरांसाठी' हे वाक्य खरं करायचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. लेव्हलचं बटण काढा, आणि यंत्राला सांगा: 'काय कमी घेऊन बसतोस ते आधी बोल.'

यंत्रांची बाजूही सांगायला हवी. ज्या गावात शिकवायला कुणी नाही तिथे फुकटचं इंजिन हा मोठा आधार आहे. रात्री दोनला झोप न येणाऱ्या माणसाला वाईट चुका करणारा बॉटही चालतो. मी स्वतः लोकलमध्ये उभ्या उभ्या त्यांच्याशी खेळतो आणि मला मजा येते. माझी तक्रार यंत्राशी खेळण्याबद्दल नाही. हरणं हा खेळाचा अर्धा भाग आहे आणि तो फासे टाकून उरकण्यासारखा नाही, एवढंच मला म्हणायचंय.

त्या सातव्या डावात 'हा कोण आहे' विचारून झाल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर बसून दुसऱ्याच्या चाली करत होतो.

"तू त्याचा निरोप्या कशाला होतोस? तूच खेळ की."

"मी तुमच्यासमोर पंचवीस चालीही टिकायचा नाही, बाबा."

"मग?" ते म्हणाले, आणि आपल्या बाजूचा वजिराकडचा हत्ती उचलून पटाबाहेर ठेवला.

त्या सुट्टीत आम्ही नऊ डाव खेळलो. हत्ती कमी असूनही सात ते जिंकले. आता दर रविवारी दहाला व्हिडिओ कॉल लावतो. इकडे माझा पट, तिकडे त्यांचा. दिवाळीपर्यंत मी हत्तीवरून घोड्यावर आलोय. यंत्र अजून कपाटावरच आहे. त्याच्या खोक्यात बाबा आमच्या डावांच्या नोंदींची वही ठेवतात.